खुराड्यात लपवलेली शेगडी

किरमान,
१८ फरवर्दीन

चि. कियूमर्स यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नवरोजचं पत्र पोचलं. आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग उशीखाली ठेवून दिलं. फोनवर तिला बोलायला दिलं की ती नुसती रडते आणि तुझं कार्ड संपतं, म्हणून पत्रंच बरी. तुमच्या दारावर पत्रं फोडून वाचणारे जे कोणी भाऊ असतील, त्यांना माझा सलाम सांग. बावीस वर्षं पोरींच्या वह्या तपासून माझं अक्षर बिघडलं आहे, त्यांनी सांभाळून घ्यावं.

आता मुख्य बातमी. परवा तुमच्या तुरुंगातल्या समाजसेविका सालारीखानम घर बघायला येऊन गेल्या. तुझ्या सशर्त सुटकेच्या कागदांत घराचा अहवाल लागतो म्हणे. मी आदल्या दिवसापासून कामाला लागले होते. नुसरतमामांची शेगडी, चिमटा, ती चिनी मातीच्या गोळ्याची नळी, सगळं चादरीत बांधलं आणि भिंतीवरून गोहरखानमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सरकवलं. मामांना केस कापायला पाठवलं. मधल्या खोलीत अफूचा वास मुरलेला असतो, म्हणून सकाळपासून इस्पंदाच्या बियांची धुरी दिली आणि वर किलोभर कांदा तळला. सालारीखानम आल्या त्या शिंकतच आल्या.

बाई तशी साधी आहे. खांद्याला पिशवी, हातात फॉर्म. घरात कुणाला नशेची सवय आहे का, असं तिने विचारलं. मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं की आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही, भावाला वाईट संगत लागली, तीनदा मूर्खपणा केला, पण मन सोन्याचं आहे. तिने लिहून घेतलं. मधल्या खोलीतल्या गालिच्यावर जळल्याचे डाग कसले, असंही विचारलं. इस्त्रीचे, म्हटलं. दोन पेले चहा पिऊन गेली. शाळेत इतके इन्स्पेक्टर झेलले, ही एक काय जड जाणार होती?

तेव्हा तू निश्चिंत राहा. गालिचेवाल्या हाजी बुनकदारांनी चोरीची तक्रार मागे घेतल्याचा कागद सही करून दिला आहे. त्यांचा गालिचा त्यांना परत मिळाला हे आपलं नशीब. तू येशील त्या दिवशी बकरा कापायचा, आई खजुराचे कोलुम्पे करणार, सगळी गल्ली जेवायला. मामांनी तर पाहुण्यांसाठी चांगल्यातला माल आत्तापासून बाजूला काढून ठेवला आहे. मागच्या दोन्ही वेळांपेक्षा थाटात करायचं असं त्यांनी बजावलं आहे.

आईचे तुला पापे. तब्येत जप आणि या घराची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फरंगीसताई

•

तुरुंग, कार्यशाळा विभाग,
५ उर्दीबेहेश्त

ती. ताईस कियूचा सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. खुराड्याच्या जागी आलो तेव्हा बाराच्या बारा जण गडाबडा लोळले. एकाने विचारलं, त्या कोंबड्या आता अंडी घालतात की नुसत्या डुलतात. इतकं हसू या खोलीत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, त्याबद्दल तुझे आभार.

नंतर मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं, दोन दिवस तसंच वागवलं आणि तिसऱ्या दिवशी सालारीखानमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ताई, आत्ता तुझं तोंड कसं झालं असेल ते मला दिसतं आहे. पण पत्र फाडू नकोस, पुढचं वाच.

त्यांच्या फॉर्मला दोन रकाने आहेत. सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करील का, याचा अंदाज त्यावरून बांधतात. पहिल्या रकान्यात होऊन गेलेल्या गोष्टी असतात, म्हणजे वय किती, आधी किती शिक्षा, पहिली चोरी कितव्या वर्षी. त्याला आता कुणी काही करू शकत नाही. दुसऱ्यात बदलता येण्यासारखं असतं, संगत, काम, घर आणि नशा. माझ्या आधीच्या दोन्ही फॉर्मवर नशेच्या ओळीत 'नाही' लिहिलेलं त्यांनी मला दाखवलं. तू तसं सांगितलं होतंस आणि मीही तसंच सांगितलं होतं. चोर म्हटलेलं आपल्याला चालतं, नशेबाज म्हटलेलं नाही. म्हणून दोन्ही वेळा मी औषधपाण्याशिवाय सुटलो, आणि दोन्ही वेळा फिरून इथेच आलो.

तांब्याची तार, मोटरसायकल, हाजींचा गालिचा. तिन्ही चोऱ्या गर्दसाठी केल्या. शुद्धीत मी कधी कुणाची सुईसुद्धा उचललेली नाही, आणि रफूगाराच्या हाताखाली सुया काय कमी पडलेल्या असतात? आता आठ महिने झाले, रोज सकाळी अकराला इथली नर्स छोट्या पेल्यातून मेथाडोन, म्हणजे गर्दची तलफ मारणारं औषध, देते, गिळलं की नाही ते तोंड उघडून बघते. हात थरथरत नाही. पहिल्या झटक्यात सुईत दोरा जातो. गेल्या महिन्यात एका जुन्या गालिच्याचा अख्खा कोपरा मी पुन्हा विणला आणि कार्यशाळेतल्या उस्तादांना जोड कुठे आहे ते सापडलं नाही.

आता अवघड गोष्ट. पहिल्यांदा सुटलो तेव्हाची मेजवानी तुला आठवते. तिसऱ्या दिवशी मामांनी शेजारच्या गादीवर हात थोपटून मला बसवलं, स्वतः अफूचा तुकडा कापला, नळीवर लावला आणि म्हणाले, फार सोसलंस बाळा, दोन झुरके घे, ही काही नशा नाही, हा पाहुणचार आहे. तिथून गर्दपर्यंत जायला मला सतरा दिवस लागले. दुसऱ्या वेळी अकरा. चौदाव्या वर्षी दाढ दुखत होती तेव्हा पहिला झुरका त्याच शेगडीवर दिला होता. मामांवर माझा राग नाही. त्यांनी जे दिलं ते मायेनेच दिलं. पण त्या शेगडीच्या घरात मी आलो तर चौथ्यांदा इथे येईन, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

म्हणून सालारीखानमना मी सगळं सांगून टाकलं. शेगडी जाणार नसेल तर सुटकेच्या कागदावर माझा पत्ता घरचा लिहू नका, असंही सांगितलं. बाजारामागे नशा सोडलेल्यांचं एक घर आहे, दोन खोल्यांत आठ माणसं. तिथे राहीन. आईला इतक्यात सांगू नकोस.

रागावलीस तर पत्रातूनच रागाव, पण लिहायचं सोडू नकोस एवढीच विनवणी.

तुझा,
कियू

•

किरमान,
१४ उर्दीबेहेश्त

चि. कियूमर्स यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद दिले कारण रीत आहे. मनातून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

नाक कापलंस माझं. त्या बाईसमोर मी छाती पुढे काढून बोलले, आणि तू माझ्याच अक्षरातलं पत्र तिच्या टेबलावर ठेवतोस? तिने फोन केला होता. आवाज चढवला नाही, उलट आईची तब्येत विचारली, त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अरे, महिन्या-दीड महिन्यात न्यायाधीश तुझे कागद बघणार. तक्रार मागे घेतलेली, वागणूक चांगली, घर चांगलं, सगळं जुळून आलं होतं. आता त्यात तुझ्या हाताने लिहून दिलंस की मी नशेबाज आहे आणि माझ्या घरात शेगडी जळते. ते काय तुला हार घालणार आहेत?

आणि मामांना मी काय सांगू? बाबा खाणीत गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, मी सोळाची. मामांनी लग्नाचा विचार सोडला, टपालाची थैली खांद्याला मारून सगळं शहर पायी तुडवलं आणि तुझे जोडे आणि माझी पुस्तकं घरात आणली. एकाहत्तर वर्षांचा माणूस. दुपारी दोन ते चार त्या शेगडीपाशी बसतो, एवढाच त्याचा संसार. गल्लीतल्या कुठल्या म्हाताऱ्याकडे शेगडी नाही ते सांग. ते सगळे काय चोऱ्या करत फिरतात?

आईला मी काही बोलले नव्हते, पण ती माझ्या तोंडावरून ओळखते. अर्धंमुर्धं सांगावं लागलं. शेगडीचं मी टाळलं, औषधाचं तेवढं सांगितलं. ती म्हणते, मेथाडोन म्हणजे सरकारी अफूच. तिने शाह नेमतुल्लांच्या दर्ग्याला नवस बोलला आहे की तू सुटायच्या आधी ते औषध सोडशील आणि स्वच्छ होऊन घरी येशील. मलाही ते पटतं. दीड महिना आहे, मन घट्ट कर आणि सोडून दे. मग आम्हाला कुणापुढेही कुराणावर हात ठेवून सांगता येईल की आमचा मुलगा काही घेत नाही. बाजारामागच्या त्या घराचं नाव पुन्हा काढू नकोस. आई जिवंत असताना तिचा मुलगा परक्यांच्या खोलीत झोपला तर ती उरायची नाही.

फार लिहिलं. जेव. राग आहे तोवर लोभही आहे असं समज.

फरंगीसताई

•

तुरुंग, समाजसेवा विभाग,
२२ उर्दीबेहेश्त

सन्माननीय फरंगीसखानम यांस सप्रेम सलाम. वि. वि.

आपली दोन्ही पत्रं कियूमर्स यांनी मला वाचायला दिली. त्यांत माझ्याविषयी आपण जे लिहिलं त्याने मला राग आलेला नाही. घर बघायला गेलं की निम्म्या घरांतून कांदा तळल्याचा वास येतो. मीही याच शहरातली आहे. माझ्या आजोबांची शेगडी मी लहानपणी फुंकून दिलेली आहे. गालिच्यावरचे इस्त्रीचे डाग इतके गोल आणि इतके लहान नसतात, हेही मला त्याच दिवशी कळलं होतं. अहवालात मी 'चौकशी अपुरी' एवढंच लिहून ठेवलं होतं आणि कोण बोलतं याची वाट बघत होते.

आपल्याला वाटतं की नशेचा उल्लेख आल्याने त्यांचे कागद बिघडले. न्यायाधीशांना तीन शिक्षा झालेला माणूस दिसतो. तो का चोऱ्या करतो हे कागदावर नसेल तर ते असं धरतात की हा चोरच आहे, आणि चोर असण्यावर दवाखान्यात औषध मिळत नाही. या खेपेला कागदावर कारण आहे, त्यावर आठ महिने उपचार चालू आहे आणि एकही दिवस चुकलेला नाही. माझ्याकडे त्यांच्या बाजूने मांडायला याहून भक्कम काही नाही. औषध घेणारा प्रत्येक जण सुधारतो असं मी म्हणणार नाही. माझ्याकडचे काही परत आले आहेत. पण उपचार घेऊन जातात आणि बाहेरही चालू ठेवतात, त्यांच्यातले परत येणारे कमी असतात, हे मी एकोणीस वर्षं बघते आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या आईंना आजच समजावून सांगा. कियूमर्स यांना औषध सोडायला लावू नका. मेथाडोन एकदम तोडून माणूस बाहेर गेला आणि एखाद्या वाईट क्षणी त्याने जुन्या मापाने गर्द घेतला, तर शरीर ते पेलत नाही. सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशी मुलं जातात. मी दोन जनाज्यांना जाऊन आले आहे. औषध कमी करायचं तेव्हा डॉक्टर हळूहळू कमी करतील. नवस बदलता येत असेल तर बदलावा.

शेगडीबद्दल मी काही सांगणार नाही, ते आपलं घर आहे. मला फक्त कागदावर पत्ता लिहायचा आहे. १० खोर्दादपर्यंत कळवा, कुठला लिहू. या वेळी जे सांगाल ते मी खरं धरीन.

आपला लोभ आहे तसा असू द्यावा.

आपली,
म. सालारी

•

किरमान,
४ खोर्दाद

चि. कियूस ताईचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

पहिली गोष्ट, औषध सोडू नकोस. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते विसर. सालारीखानमचं पत्र आईला वाचून दाखवलं. त्या दोन जनाज्यांपाशी आले तेव्हा आईने माझा हात धरला आणि पुढे वाचू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दर्ग्याला जाऊन नवस फिरवून आली. आता तू औषधासकट घरी आलास तर ती चाळीस घरी सूप वाटणार आहे. पीराला काय वाटलं असेल कोण जाणे, पण आई निवांत झाली आहे.

दुसरी गोष्ट. मी मामांना सांगितलं.

शुक्रवारी दुपारी दोनला ते बसले, कोळसे फुलले होते. त्या खोलीत मी चहा ठेवून निघून येते, तुला ठाऊक आहे. त्या दिवशी समोर बसले. सालारीखानमला थाप मारताना माझी जीभ कशी सरळ चालली होती, आणि खरं बोलायचं तर चहाचा पेला तीनदा इकडचा तिकडे केला. कसंबसं म्हटलं की मामा, कियू सुटेल, पण ही शेगडी असेल तर तो या घरात येणार नाही. ते हसले. म्हणाले, आजकालची पोरं भलतंसलतं ओढतात आणि नाव आमच्या अफूचं घेतात. मी वाद घातला नाही. तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी भिंग आणलं आणि खिडकीपाशी जाऊन वाचलं. शहरभर लोकांची पत्रं वाटली त्यांनी, पण कुणाचं पत्र असं वाचताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. दाढेच्या ओळीवर भिंग बराच वेळ थांबलं होतं. मग परत आले, चिमट्याने कोळशांवर राख ओढली, टोपी घातली आणि निघून गेले. जेवायच्या वेळेला आले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत, आज चौथा दिवस. त्यांच्याकडे मोबाईल नाही. आई माझ्याशी बोलत नाही. काय हवं ते भिंतीला सांगते. काल भिंतीला म्हणाली की, या घरात मुलाला आणायला भावाला हाकलतात.

मी रडले, कियू. शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले आणि पोरींना सांगितलं की खडू डोळ्यात गेला. पण मागे फिरले नाही. शेगडी पुन्हा गोहरखानमच्या खुराड्यात नेली, या वेळी कायमची. एक तपकिरी कोंबडी त्यात पिसं फुगवून बसायला लागली आहे, गोहरखानम म्हणते की आता ती उठायची नाही. आणि सालारीखानमना मी आपल्या घरचा पत्ता कळवला आहे. खाली लिहिलं आहे की घरात शेगडी नाही. खोटं नाही ते. मामा परत आले तर त्यांनाही हेच सांगेन, मग माझं काय व्हायचं ते होवो.

तू मात्र अकराचा पेला चुकवू नकोस. सगळं ठीक होणार आहे, मी सांगते म्हणून.

तुझी,
ताई

•

माहान, बागेतून,
११ खोर्दाद

चि. कियूमर्स यास नुसरतमामाचा आशीर्वाद. वि. वि.

मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः लिहायची सवय नाही. चुकलं तर सोडून दे.

इथे जुना सोबती रमजानअलीच्या बागेत आहे. फरंगीसने तुझं पत्र वाचायला दिलं. पोरगी माझ्यासमोर बसली होती आणि तिचे गुडघे हलत होते. या घरात कुणाला माझी इतकी भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं.

ती दाढ मला आठवते. डावीकडची, खालची. तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होतास. दात काढणारा दोन गल्ल्या पलीकडे होता. मी तुला तिथे नेलं नाही, कारण माझी दुपारची वेळ झाली होती आणि मला उठायचं नव्हतं. मायेने दिलं असं तू लिहिलंस. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आळस होता. मला लाज वाटली, कियूमर्स. फार वाटली.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की मीही रोज ओढतो, मी कुणाचं काय चोरलं? इथे झाडाखाली बसून विचार केला तेव्हा कळलं की मला चोरायची गरजच पडली नाही. नोकरी होती, मग पेन्शन आली, माल घरपोच येत राहिला, कुणी मला अडवलं नाही. तुझ्याजवळ यातलं काही नव्हतं. तेच घेऊन तू तुरुंगात गेलास आणि मी शेगडीपाशी बसून तुझ्या नावाने हळहळलो.

इथे पाच दिवस शेगडीशिवाय काढून पाहिले. रमजानअलीला विचार माझे काय हाल झाले ते. हाडं पिळून निघाली, नाक गळत होतं, लहान पोरासारखा ओरडलो. सहाव्या दिवशी त्याच्याकडचा तुकडा मागून घेतला. तेव्हा तू रोज काय करतोस ते मला आत्ता समजलं.

वचन देत नाही. या वयात दिलेली वचनं निभावायला दिवस कमी असतात. परवा घरी जातो. शेगडी मागणार नाही, फरंगीसला सांग की गुडघे हलवू नकोस. तू सुटशील त्या दिवशी दारात मात्र मी दिसणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सकाळी माझं एक काम ठरलं आहे.

म्हाताऱ्यावरचं प्रेम होतं तेवढं ठेव, वाढवायला सांगत नाही.

तुझा,
नुसरतमामा

•

किरमान,
२० तीर

सन्माननीय सालारीखानम यांस फरंगीसचा सप्रेम सलाम. वि. वि.

सुटका झाल्यावर काय होतं ते खरंखरं लिहून पाठवा, असं तुम्ही म्हणाला होता. म्हणून लिहिते, आणि या वेळी कांदा तळलेला नाही.

१६ तारखेला सकाळी कियू दारातून बाहेर आला. हातात कापडी पिशवी. मी मिठी मारली, तर त्याने पहिल्यांदा वेळ विचारली. नऊ वाजले होते. आई घरी सुपाचं पातेलं आणि इस्पंद घेऊन बसली आहे, सगळी गल्ली दारात आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, आधी दवाखाना, बारापर्यंतच उघडा असतो. तुमच्या सहीचं पत्र त्याने छातीच्या खिशात ठेवलं होतं आणि टॅक्सीत दर दोन मिनिटांनी चाचपत होता.

वाटेत त्याने मामांची चौकशी केली. मी सांगितलं की ते महिन्याभरापूर्वी परत आले, शेगडीचं नाव काढलं नाही, पण रोज सकाळी नऊला टोपी घालून बाहेर पडतात ते दुपारीच येतात, कुठे जातात ते सांगत नाहीत. आई म्हणते, रुसून मशिदीत बसतात. मलाही तसंच वाटायचं. बघा, इतके इन्स्पेक्टर झेललेली बाई मी, घरातलंच मला कळलं नाही.

दवाखान्याच्या बोळात रांग होती, दहा-बारा माणसं. जवान पोरं, एक टॅक्सीवाला, एक हातगाडीवाला. सगळ्यांत शेवटी पाठमोरी फेल्टची टोपी. मी ओळखली, पण डोळ्यांवर विश्वास बसेना. कियूने माझ्याआधी ओळखली. त्याने हळूच मामा म्हणून हाक मारली आणि ते वळले. त्यांच्या हातात दवाखान्याचं कार्ड होतं, जाड पुठ्ठ्यात जपून ठेवलेलं, आणि त्यावर तेहतिसाव्या दिवसापर्यंत शिक्के होते.

 मग कियू त्यांचा हात चुंबून त्यांच्या मागे उभा राहिला. तुम्ही आपल्या शहरातल्या आहात, तुम्हाला सांगायला नको. कुठल्याही दारात आधी कोण जाणार यावर आपल्याकडे चहा गार होतो, आणि मी जन्मल्यापासून मामांच्या आधी कुणी कुठल्या दारातून गेलेलं मी पाहिलेलं नाही. मामांनी कियूची बाही धरली आणि त्याला आपल्या पुढे ओढलं. तो नाही नाही म्हणत मागे सरकला. त्यांनी पुन्हा ओढलं. मागे आलेली माणसं कुरकुरायला लागली. तेव्हा मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की, या दारात हा माझ्याहून नऊ महिन्यांनी थोरला आहे, याला पुढे जाऊ द्या.

आणि कियू मामांच्या पुढे उभा राहिला. मी बोळाबाहेर जाऊन पोटभर रडले, डोळ्यात खडू गेल्याची थाप न मारता.

मेजवानी झाली. बकरा, सूप, कोलुम्पे. पाहुण्यांतल्या दोघा म्हाताऱ्यांनी मधल्या खोलीकडे नजर टाकली, तिथे शेगडीच्या जागी चहाचा समोवर होता. ते चहा पिऊन लवकर उठले. आईला वाईट वाटलं, मला नाही. आता रोज सकाळी नऊला मामा-भाचे दोघं टोप्या घालून बाहेर पडतात आणि वाटेत कुठल्या दुकानाचं कलिंगड गोड यावर भांडतात. मामांचे पाय अजून दुखतात, ते चिडतात. कियूला दोन दिवस झोप लागली नव्हती, तेव्हा तो स्वतः डॉक्टरांकडे जाऊन बोलला. पुढे काय होईल ते मी लिहून देणार नाही, ते तुम्हीच मला शिकवलंत. पण मला खात्री वाटते आणि वाटते तसं सांगते.

हाजी बुनकदार काल येऊन गेले. कियूला दुकानात कामाला घेतलं नाही, पण घरी रफू करायला म्हणून एक फाटका गालिचा ठेवून गेले. कियूने तो दोन्ही हातांनी घेतला. तुम्ही या बाजूला आलात तर चहाला या, घर बघायला नको.

तुमचा लोभ आम्हा चौघांवर असाच राहो.

तुमची,
फरंगीस

ता. क. मधल्या खोलीतल्या गालिच्यावर जळल्याची एकोणीस भोकं निघाली. कियू हाजींचं काम संपवून संध्याकाळी ती रफू करतो, मामा शेजारी बसून लोकर ओवून देतात. दोन झाली आहेत. ती इस्त्रीची नव्हती.